ताईची साडी
पेटीतल्या डांबरगोळ्यांचा वास आला की मला माझी चूक आठवते. तरुणपणी अल्लीपूरच्या शाळेत मी इंग्रजी शिकवायचो. पुस्तकातले धडे मुलांच्या डोक्यावरून जात, म्हणून मी सोप्या इंग्रजीत छोट्या गोष्टी रचून सांगायचो. वर्गातल्या एका मुलीने मला विश्वासाने सांगितलं होतं, की ताईचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, मोडलं, तरी नवरदेवाकडची साडी तिने परत न करता लपवून ठेवली आहे आणि दार लावून ती नेसते, तेव्हा खोलीभर डांबरगोळ्यांचा वास येतो. मी ताईची राजकन्या केली, पण गावाला ठाऊक असलेलं मोडलेलं साक्षगंध, साडी आणि वासही तसाच ठेवला आणि ती गोष्ट वर्गात सांगितली. त्या दिवशी पहिल्यांदाच सगळ्या वर्गाला शब्द न् शब्द समजला. मी खूश होतो, तोच मागून कोणी ओरडलं, “अबे, हे त हिचीच ताई होय!” सगळे हसले. संध्याकाळपर्यंत बोभाटा घरी पोचला आणि साडी परत गेली. दुसऱ्या दिवशी ती मुलगी म्हणाली, “सर, मी तुमाले सांगतलं होतं. तुमी सगळ्याईले काऊन सांगतलं?” मी फळ्याकडे वळून धडा लिहायला लागलो. परवा, इतक्या वर्षांनी, जाम गावच्या बसथांब्यावर ती भेटली, तेव्हा कुठे मी म्हटलं, “पोरी, ती गोष्ट सांगाचा हक्क मले नव्हता. माफ कर.”