टाकी मोडणारे मानेसाहेब

मी बडोद्यात आलो तेव्हा नकाशे काढण्यापलीकडे मला फारसे काही येत नव्हते. गोरव्याच्या वाटेवर बॉयलर आणि लोखंडी टाक्या बांधणारा कारखाना होता, तिथे श्री. विश्वासराव माने मुख्य इंजिनिअर होते. त्यांनी माझा पहिला नकाशा शांतपणे पाहिला आणि विचारले, "या बॉयलरला पाठ टेकून तुम्ही जेवायला बसाल?" मी नकारार्थी मान हलवली. "मग पुन्हा काढा," ते म्हणाले. आमची ओळख झाली ती अशी.

त्यांच्या षष्ट्यब्दिपूर्तीच्या या ग्रंथात त्यांच्या भांडणांचा उल्लेख नसावा, असे काही स्नेह्यांनी मला सुचवले. मी ते मानत नाही. ती भांडणे वगळली, तर गौरव कशाचा करायचा?

श्रीमंत महाराजांच्या राज्यात नवे कारखाने उभे राहत होते. शहरातील एका शेठजींनी तेल घट्ट करून त्याचे तूप बनवण्याची गिरणी काढायचे ठरवले. त्यासाठी हायड्रोजन वायू दाबून साठवणारी टाकी हवी होती. हा वायू मोठा कठीण. पाणी जिथे अडते तिथून तो निसटतो आणि ठिणगी मिळाली की भडकतो. एका विलायती कंपनीच्या एजंटाने शेठजींना बजावले, "असली टाकी इथे होणे नाही." हे कानी आले त्याच दिवशी मानेसाहेबांनी काम अंगावर घेतले.

टाकी झाली. पाण्याच्या दाबाच्या कसोटीला ती उतरलीही. शेठजींनी उद्घाटनाचा मांडव घातला. मानेसाहेबांनी मात्र टाकीत हवा दाबून भरली आणि सांध्यांवर साबणाचा फेस लावायला सांगितले. एका सांध्याशी बुडबुडे उठले. आमचे जुने मिस्त्री इस्माईलभाई यांनी ती कड ठोकून बसवली, तर बुडबुडे वीतभर पुढे उठले.

"साहेब, पाणी तो रोकायुं ने? एक थेंब गळला नाही!" शेठजी काकुळतीने म्हणाले. "आता काय मांडव काढू?"

"मांडव राहू द्या. टाकी मोडायची आहे."

आमच्या कारखान्याचे व्यवस्थापक संतापले. "तो एजंट हसेल! देशी कामाचे नाक कापले जाईल!"

"हसू द्या. टाकी मोडली तर नाक जाईल, फुटली तर माणसे जातील."

व्यवस्थापकांनी मग सगळा राग इस्माईलभाईंवर काढला. मानेसाहेब मध्ये उभे राहिले. "पत्रे जोडणाऱ्या रिवेटांची भोके ठोसून पाडा, हे मी सांगितले होते. चूक माझी आहे. त्यांना एक शब्द बोलायचा नाही." टाकी कापली तेव्हा भोकांच्या कडांना केसासारख्या चिरा दिसल्या. तरीही व्यवस्थापकांनी मानेसाहेबांना घरी बसायला सांगितले. ते छत्री उचलून घडियाळी पोळ नावाच्या गल्लीतल्या आपल्या घरी निघून गेले. माफी मागितली नाही.

काही दिवसांनी शेठजी स्वतः त्यांच्या दारात आले. "मानेसाहेब, त्या टाकीजवळ माझा धाकटा भाऊ उभा राहणार आहे. बीजी टाकी तुम्हीच बनवा."

"इस्माईलभाई माझ्याबरोबर असतील. आणि घाई कुणी करायची नाही."

शेठजींनी व्यवस्थापकांना तसे कबूल करायला लावले. दुसऱ्या टाकीची भोके पत्रे एकत्र धरून, यंत्राने कोरून पाडली. फेस लावला, एकही बुडबुडा उठला नाही. प्रथम हायड्रोजन भरताना मानेसाहेबांनी आम्हां सर्वांना कुंपणाबाहेर काढले आणि वायू सोडायच्या चावीपाशी स्वतः एकटे उभे राहिले. टाकी टिकली.

तो एजंट पाहायला आला. "पत्रे विलायतीच दिसतात," तो म्हणाला.

"पत्रे तुमचे. टाकी आमची," मानेसाहेब उत्तरले, आणि त्यांनी त्याला चहा पाजला.

वय झाले, आता विश्रांती घ्या, असे सांगणारे आज त्यांना पुष्कळ भेटतील. त्यांनी कुणाचेही ऐकू नये. परमेश्वर त्यांना शंभर वर्षांचे आयुष्य देवो, नजर तीक्ष्ण आणि गुडघे धडधाकट ठेवो. त्यांना जे बांधायचे असेल ते त्यांनी बांधावे, मोडायचे असेल ते मोडावे. आम्ही आडवे येणार नाही.