चिंचेची ओली फोक

सातवीत इंग्रजीच्या गुरुजींनी मला फसवलं. आज माझ्या दुकानामागे चिंचेची ओली फोक मोडली आणि त्या वासाने तळहात पुन्हा चरचरले.

"इंग्रजीतली जर-तरची वाक्यं बरोबर सांगशील, तर मारनार नाही," गुरुजी म्हणाले होते. मी घडाघडा सांगितली. आईच्या भाजीच्या टोपलीजवळ रोज तेच मराठीतून ऐकल्यामुळे इंग्रजीतलंही चटकन उमगलं होतं: भाव उतरवला तर घेईन, उतरवला असता तर घेतली असती.

"भाजीवालीच्या पोरीले हे येते? कोनाचं पाहून पाठ केलं व?" म्हणत त्यांनी रक्त निघेपर्यंत फोक चालवली. मी शाळा सोडली, ती कायमची.

तेव्हा वाटलं, माझंच चुकलं असेल. आज सौद्यात शब्द मोडणाऱ्याला मी दुकानाची पायरी चढू देत नाही. गुरुजी, उत्तर बरोबर असताना काऊन मारलं? जबाब द्या.