बांधावरचं वायफाय

आमच्या चुलत सासऱ्यांइतका वायफायला जीव लावणारा माणूस आख्ख्या जुन्नर तालुक्यात न्हाई, आन पलीकडं आंबेगावात जाऊन हुडकलात तरी घावायचा न्हाई. आमी राजुरीच्या कडंला मळ्यात राहतो. चारी अंगाला ऊस, आन ऊस म्हंजी बिबट्या, हे इकडं कुणाला सांगाय लागत न्हाई. माझी चिमी तवा नुकती पळाय लागलेली, हे चाकणला कंपनीत, आठवड्याला येणार, घरात मी आन मामा. मामा म्हंजी हेच चुलत सासरे, मामी वारल्या, लेक मढला दिलेली, म्हणून आमच्यातच राहायचे. मी तर दिवस कलला की भाकरी थापता थापता चारदा दाराकडं बघायचे. म्हणून ह्यांनी दारावर क्यामेरा बसवला, अंगण आन बांध मला चुलीपुढं बसून मोबाईलवर दिसावा म्हणून. त्यासाठी वायफाय घेतलं, आन ते वायफाय पडलं मामांच्या हातात.

मामांचा जल्म मेंढरांत गेला. जे राखायचं ते मेंढरावानीच राखायचं, येवढंच त्यांना ठावं. वायफायच्या डब्याचे दिवे लुकलुकाय लागले की म्हणायचे, "थंडी वाजती त्याला," आन घोंगडीचा तुकडा गुंडाळून ठेवायचे, डबा असला तापायचा की हात लावून देत न्हवता. उंदीर वायर खातील म्हणून एकदा आख्खा डबा पत्र्याच्या पेटीत घातला, वरनं झाकण लावलं, आन दिवसभर मला इचारत व्हते, "पोरी, आता कसं हाये, जोरात हाये का?" मोबाईलवर नुसतं गोल फिरत व्हतं. दसऱ्याला त्याच्यावर भंडारा उधळला, तो भोकाभोकांतनं आत गेला, मी बोलले तर म्हणाले, "देवाचं हाये, त्यानं काय खराब हुत नाय." ह्यांनी फोनवर समजावलं, मामा, डबा उंच ठेवा, मोकळा ठेवा. मामांनी वायरमनला चहा पाजून लांब वायर घेतली आन डबा नेऊन मेंढरांच्या वाड्यावर टांगला. उंच बी झाला, मोकळा बी झाला, घरात मातर काय येईना.

पण खरं स्पीड खाल्लं ते मामांच्या रीतीनं. मामांचा बाप माळशेज उतरून कोकणात मेंढरं न्यायचा, वाटंनं परक्याच्या वावरात बसायचा, कुणी कधी उठ म्हटलं न्हाई. मामा म्हणायचे, "त्यांनी आमाला जागा दिली, पाणी दिलं, आन मी काय ह्या हवेतल्या गोष्टीला नाय म्हणू?" मंग काय, बांधावर जो टेकंल त्याला पासवर्ड. पासवर्ड म्हंजी मामांच्या कुत्र्याचं नाव, काळू, ते लपून कुठं राहायचं. दूध घालून येणारे बसायचे, टोमॅटोच्या गाडीवरचे हमाल बसायचे, कुणी कुस्त्या लावायचं, कुणी कीर्तन, शेजारणी मालिका बघायच्या, आन माझं अंगण मोबाईलवर अडकून पडायचं. डेअरीवाला बाळूभाऊ वर मलाच म्हणायचा, "वहिनी, तुमचं वायफाय मेंढरावानी हाये राव. म्होरचं हाललं तर मागचं हालतंय."

एकदा दिवेलागणीला बघते तर चिमी घरात न्हाई. मोबाईल उघडला, गोल फिरतंय, फिरतंय, मंग चित्र आलं ते मगाचंच, मोकळं अंगण, कुणीच न्हाई. पिठाच्या हातानं तशीच पळाले, तर चिमी बांधावर बाळूभाऊच्या मांडीवर कुस्ती बघत बसलेली. मला रडूच आलं. मामा म्हणाले, "त्यात कशाला बघती पोरी? इथं येवढी माणसं बोलत्यात. माणसं बोलत बसली की तो उसातनं बाहेर येत नाय." बाळूभाऊ म्हणाला, "आमचं बोलणं ऐकून पावणं बी येत न्हाईत."

पण हे ऐकून ह्यांचा धीर सुटला. आठवड्याला आले ते वायरमन घिऊनच. डबा वाड्यावरनं काढला, भंडारा पुसला, घरात मधोमध फळीवर ठेवला, पासवर्ड बदलला. मंग चित्र असं पळाय लागलं की बसल्या जागी चिमीच्या चपलेचा रंग दिसायचा. मला लई बरं वाटलं. लोकं बांधावर यायची, मोबाईल हालवून बघायची, उगं थोडं थांबायची, जायची. हळूहळू यायची बंद झाली. मामांनी नवा पासवर्ड मला इचारला बी न्हाई. एकटेच बसायचे, काळू पायाशी.

ऊस तोडणीला आला व्हता तवाची गोष्ट. दिवस बुडता बुडता मी आतनं मोबाईलवर बांध बघत व्हते. मामा बसल्या बसल्या पेंगलेले. उसातनं तो निघाला, आरामात, पाय मोजून टाकावं तसा. चित्र कुठं अडकलं न्हाई. मी किंचाळत दार उघडलं, ताट बडवलं, तवर काळूला उचलून तो उसात गेला बी. मामा काठी घिऊन उभे, घोंगडी खाली पडलेली, उसाकडं तोंड करून नुसती काळूला हाक मारत व्हते.

घरात आणून बसवलं, पाणी दिलं, ते तसंच राहिलं. म्हणाले, "तुला दिसलं का?"

"दिसलं मामा."

"मधी अडकलं न्हाई ना?"

"न्हाई."

"मंग पोरानं चांगलं केलं," म्हणाले. ह्यांना टोमणा न्हवता तो, मनापासनं म्हणाले, आन भिंतीकडं तोंड करून आडवे झाले.

त्यानंतर त्यांनी मेंढरं इकली. लेक येऊन मढला घिऊन गेली. मी ह्यांच्या मागं लागून जुना पासवर्ड परत लावून घेतला. आधी बाळूभाऊ आला, मंग दोघी शेजारणी. पहिल्यासारखा बांध भरत न्हाई, पण चित्र परत अडकाय लागलंय. मी चिमीला घिऊन तिथंच भाजी निवडत बसते. भ्या काय जात न्हाई, ऊस हालला की अजून हात थांबतो.

मामा मढवरनं व्हिडिओ कॉल लावत्यात. तिकडं रेंजची बोंब, त्यांचं तोंड अर्धं उघडं तसंच थांबतं, डोळे मिटलेले, आन आवाज मागनं येतो, "माणसं बसलीत का गं?" मी मोबाईल बांधाकडं फिरवते.

"काय दिसना पोरी, गोल फिरतंय."

बाळूभाऊ मोठ्यानं म्हणतो, "मामा, वायफायला थंडी वाजतीय तुमच्या, घोंगडी धाडा."

मंग मामांचं येतं, "आवाज येतोय. आवाज येतोय तवर काय भ्या न्हाई." मी फोन बंद करत न्हाई. तसाच बांधावर ठिवते, माणसांच्या मधी.