ओर्तेन्सियाने नाकारलेले हात

कॅलिफोर्नियात, ऑक्सनार्डमधल्या टायरच्या दुकानामागच्या जिममध्ये ग्लोव्ह्ज चढवण्याआधी बॉक्सरांचे हात पट्ट्यांनी ओर्तेन्सिया किरोगा बांधायची. चार वर्षांपूर्वी वडील वारले आणि त्यांचं हे काम तिच्याकडे आलं. दिवसभर स्ट्रॉबेरीच्या पेट्या भरायच्या आणि संध्याकाळी पोरांचे हात बांधायचे, असा तिचा नेम. त्याच पोरांतल्या फिदेन्सियोशी तिचं लग्न ठरलं होतं. शनिवारची लढत जिंकली की त्याला लास वेगासच्या मोठ्या लढतीचं बोलावणं येणार होतं.

लढत जिममध्येच होती. शनिवारी दुपारी मागच्या खोलीत तिने त्याचे दोन्ही हात बांधले आणि कात्री ठेवायला वळली.

"चल, बांध ना. उशीर होतोय," फिदेन्सियो म्हणाला.

ती हसली. "बांधलेत की, शहाण्या. बघ."

दुसऱ्या कुणाचे असावेत तसे तो आपले हात न्याहाळत राहिला. "हो की. म्हणजे तुझ्या वडिलांनी बांधले वाटतं. आत्ता या खुर्चीत बसले होते. म्हणाले, डाव्या अंगठ्याशी सैल राहिलंय."

खुर्ची रिकामी होती. ओर्तेन्सियाने त्याचा डावा अंगठा दाबून पाहिला. पट्टी खरंच सैल होती. तिच्या हातून असं कधी झालं नव्हतं.

"फिरकी घेतोय गं तुझी," म्हातारा प्रशिक्षक ताचो म्हणाला. पण पाण्याची बाटली घ्यायला जाताना त्याने त्या खुर्चीला वळसा घातला.

"ताचोकाका, गेल्या महिन्यात सरावात डोक्यावर ठोसा बसून हा पडला, तेव्हापासून असं किती वेळा झालं?"

ताचो बाटलीचं झाकण फिरवत राहिला.

"नीट बांध पुन्हा," फिदेन्सियो म्हणाला. "जिंकलो की उद्याच पाद्रीबाबांकडे जाऊन तारीख काढू. तुझ्यासाठीच चाललंय ना सगळं?"

तिने दोन्ही हातांच्या पट्ट्या सोडल्या आणि त्यांचा गोळा करून पिशवीत टाकला.

"नाही बांधणार."

हे शब्द त्या जिममध्ये आजवर एकदाच उच्चारले गेले होते. तिच्या वडिलांनी नाकारलेला पोरगा दुसऱ्याकडून हात बांधून रिंगणात उतरला आणि स्ट्रेचरवरून बाहेर आला. तेव्हापासून किरोगांनी नाकारलेल्या हातांना कुणी शिवत नसे.

"मग लग्नही विसर," फिदेन्सियो म्हणाला.

"विसरले."

त्याने हात ताचोपुढे धरले. ताचोने आपले हात खिशात घातले. बाहेर फिदेन्सियोच्या नावाच्या आरोळ्या सुरू झाल्या होत्या. आज तो लढणार नाही, हे ओर्तेन्सिया दार उघडून पंचांना सांगायला गेली.