अव्वानं बघितलेलं आप्पांचं काम

आमचे आप्पा स्टेशनवर झेंडा दाखवतात, असं आमची आई, म्हणजे अव्वा, लग्नापासून उचगावभर सांगत आली. तिला बघायला गेले तेव्हा आप्पांनीच तसं सांगितलं होतं. अव्वाच्या वडिलांचा हात गुऱ्हाळाच्या चरकात गेला होता, त्यामुळं यंत्राजवळ राबणारा नवरा तिला नकोच होता.

खरं काम मला ठाऊक होतं. कोल्हापुरात रूळ संपतो, गाडी पुढं जात नाही. आलेल्या गाडीचं इंजिन सोडवायचं अन् दुसऱ्या टोकाला नेऊन जोडायचं. ते जोडणारे आमचे आप्पा. सातवीत असताना एकदा डबा द्यायला गेले अन् बघितलं. इंजिन डब्याला टेकलं, आप्पा वाकून दोन्हींच्या मधे शिरले अन् दिसेनासेच झाले. बाहेर आल्यावर ग्रीसचे हात पुसत म्हणाले, "अव्वाला सांगू नगंस. झाकली मूठ सव्वा लाखाची."

मी तोंडाला कुलूप घातलं. पण वर्गातल्या पोरी बापाच्या दुकानाच्या नाहीतर उसाच्या बढाया मारायला लागल्या, की जीभ नुसती शिवशिवायची. अगं, माझ्या बापानं जोडल्याशिवाय कोल्हापुरातनं गाडी हलत न्हाय!

दोन हजार साल उलटून गेलं होतं, आप्पांच्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. कॉलेजच्या चार पोरांनी स्टेशनच्या आसपासच्या जगण्यावर फोटो अन् व्हिडिओचं प्रदर्शन भरवलं, दसरा चौकाजवळच्या एका हॉलमध्ये. टांगेवाले, हमाल, गजरेवाल्या, अन् व्हिडिओत आप्पा. आप्पांनी मला बजावलं, "तिला आणायची न्हाय."

मी म्हटलं, "आणणार. काम केलंय तुम्ही, चोरी न्हाय केली."

अव्वा ठेवणीतलं इरकल नेसून आली. फोटो बघताना टांगेवाल्यापुढं थांबून म्हणाली, "ह्याचं घोडं मेलं की गेल्या साली." आप्पा दाराशीच घुटमळत होते. मी तिला सरळ कोपऱ्यातल्या टीव्हीपुढं नेऊन उभं केलं.

पडद्यावर इंजिन आलं, टेकलं, आप्पा वाकून आत शिरले. अव्वानं माझं मनगट असं आवळलं की बांगडी पिचली. आतून नुसता लोखंडाचा खणखणाट. मग आप्पा बाहेर आले, हात पुसले, हिरवा झेंडा दाखवला. मागनं एक पोरगा ओरडला, "नाद खुळा!" माझा ऊर असा भरून आला की डोळ्यांतलं पाणी पुसायचंही सुचेना.

अव्वा मागं वळली. म्हटलं, आता जाळ अन् धूर संगटच.

"इतकी वर्सं ह्ये करत हुता व्हय?"

आप्पा पुढं आले अन् हळूच म्हणाले, "शेवटाला झेंडा बी दावतो की."

"गप बसा."

तिनं खुर्ची ओढली अन् टीव्हीपुढं बसली. व्हिडिओ पुन्हा लागला, संपला, तिसऱ्यांदा लागला. आप्पा आत शिरले की ती श्वास धरायची अन् ते दिसले की सोडायची. आप्पा खुर्चीमागं उभे राहून "चला की आता" म्हणत होते, पण ती हलेना.

तेवढ्यात एक गृहस्थ नेमके टीव्हीच्या आड आले. अव्वा हॉलभर ऐकू जाईल अशी गरजली, "ओ पावणं, बाजूला सरा! आमचं मालक हायत त्ये. आत गेल्यात, भाईर येऊस्तवर बघू द्या!"