खंडेनवमीचा दहा नंबरचा पाना

पोलीस खात्यातल्या नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता डोक्यात एकमेकींत मिसळल्या आहेत. पण दसऱ्याच्या सकाळी भातात उतरलेलं ते छोटं विमान आणि त्याच्या शेपटीत सापडलेला दहा नंबरचा पाना विसरू म्हटलं तरी विसरत नाही. त्या केसमध्ये माझंच पितळ उघडं पडलं, म्हणूनही असेल. नावं सांगणार नाही. माणसं अजून इथंच नांदताहेत.

आमच्या हद्दीत, बेळगावच्या बाहेर, विमान चालवायला शिकवणारं एक लहानसं केंद्र होतं. दोन विमानं, एक पत्र्याची शेड आणि मोजकी माणसं. त्या सकाळी मुख्य प्रशिक्षक एका शिकाऊ मुलीला घेऊन उडाले आणि लगेच विमानाचं नाक वर येईना. कुंपणापलीकडच्या भातात ते कसंबसं टेकलं. मुलीच्या गळपट्टीचं हाड मोडलं, प्रशिक्षकांच्या बरगड्या. दोघं वाचली हेच नवल. शेपटीत, नाक वर-खाली करणाऱ्या तारांमध्ये पाना अडकला होता. पंचनामा करून मी तो जप्त केला.

दुपारी पिरनवाडीचा एक चहावाला फोनवर म्हणाला, "साहेब, त्या केंद्रातला मेकॅनिक काल मोठ्या सरांशी भांडून आलता. दसऱ्याची रजा दिली न्हाय म्हणून. माझ्या गाड्यावर म्हणला, उद्या विमान कसं उडतंय बघतोच."

एवढं मिळाल्यावर पोलिसाला आणखी काय हवं? पाना त्याचा, राग त्याचा. चहावाल्याला ठाण्यात बोलावलं आणि आमच्या रायटरबाईंना जबाब घ्यायला बसवलं. माणूस मराठीत बोलतो, जबाब कानडीत लिहायचा, हे आमच्याकडं रोजचंच. त्यात दसऱ्याचा बंदोबस्त; बाई आदल्या सकाळपासून ड्युटीवर होत्या. मी दारातून दोनदा ओरडलो, "झालं का? किती वेळ?" झालं. खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा नोंदवला.

मेकॅनिक कंग्राळीचा, शेतकऱ्याच्या घरातला, पस्तिशीचा. दोन दिवस त्याला चौकशीला बसवलं. मी विचारी, "का केलंस?" तो म्हणे, "मी न्हाय केलं साहेब." मी म्हणे, "आदल्या सकाळी सरांशी भांडलास का नाही?" तो म्हणे, "सांजचं भांडलो, साहेब." मी टेबलावर हात आपटून जबाबाचा कागद त्याच्यापुढं धरला. "इथं सकाळी लिहिलंय. लेखी आहे. अजून खोटं बोलतोस?" त्यानं मान खाली घातली ती वर केली नाही. खोटं पकडलं म्हणून मी खूश. प्रशिक्षकांना विचारावं, तर डॉक्टर बोलू देत नव्हते.

तिसऱ्या दिवशी अटकेआधी शेड पाहून घ्यावी म्हणून गेलो. भिंतीवर एक मोठा फळा होता. त्यावर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली. हत्यार त्या आकृतीवरच टांगायचं. संध्याकाळी एखादी आकृती रिकामी दिसली की ते हत्यार सापडेपर्यंत विमान हलवायचं नाही, असा नियम. फळा सांभाळणारे स्टोअरकीपर आप्पा निवृत्तीला टेकलेले होते. "मग हा पाना कसा सुटला?" म्हटल्यावर त्यांचा चेहराच पडला.

"साहेब, त्या दिशी खंडेनवमी व्हती," ते म्हणाले.

आमच्या भागात दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, हत्यारांची पूजा करतात. शेतकरी नांगर-कोयता मांडतो, विणकर मागाला हळदकुंकू लावतो, आम्ही ठाण्यात रायफली मांडतो. पूजा मांडली की दुसऱ्या दिवसापर्यंत हत्याराला हात लावत नाहीत. यांनीही फळ्यावरची सगळी हत्यारं काढून, धुऊन, सतरंजीवर मांडली होती. त्या संध्याकाळी फळा अख्खाच रिकामा. त्यात एक पाना कमी आहे हे दिसणार कुणाला? आणि आप्पांनी रजिस्टरमध्ये रोजच्या सवयीनं 'सर्व हत्यारे जागेवर' लिहून सही ठोकली होती.

आप्पांच्या मोबाईलमध्ये पूजेचा फोटो होता, दुपारी बाराचा. झेंडूची फुलं, नारळ, ओळीनं मांडलेले पाने. मी बोट ठेवून एकेकाचा नंबर वाचत गेलो. आठ, नऊ, मग थेट अकरा. म्हणजे दुपारी बारालाच पाना विमानात होता. आणि जबाबाप्रमाणं भांडण सकाळचं. भांडला आणि पूजेआधी पाना टाकला! केस पक्की झाली असं वाटून मी ठाण्यात परतलो.

फोटो मेकॅनिकपुढं ठेवला. त्यानं नऊ आणि अकराच्या मधे बोट ठेवलं आणि तो रडायला लागला.

"मीच विसरलो, साहेब. सकाळी शेपटीत काम करत हुतो. पूजेची वेळ झाली म्हणून हाक आली, घाईत झाकण लावलं नि उठलो. आप्पा म्हणले, मोजून मांडूया. मीच म्हणलो, ऱ्हाऊ द्या, उशीर हुतोय. भातात पाना बघितला तवाच कळलं."

"मग तीन दिवस तोंड शिवलं होतं का?"

"तुम्ही इचारलं, का केलंस. काय चुकलं, असं कुणी इचारलंच न्हाय. चुकलं म्हणलो असतो, तर तुम्ही 'केलं' असंच लिवलं असतं. वर आप्पांची नोकरी गेली असती."

खोटं नव्हतं ते. मी तसंच लिहिलं असतं. रजेवरून भांडून कुणी माणसं मारत असेल, पण हा माणूस तसा दिसत नव्हता. हे मला पहिल्या दिवशीही दिसलं असतं, पण मी त्याच्याकडं नीट बघितलंच नव्हतं, कागदाकडं बघत होतो. आणि त्या कागदातलं एक 'सकाळी' त्याला दहा वर्षं आत घालायला पुरेसं होतं.

भांडण सांजचंच, हे तो अजूनही सोडत नव्हता; मी अटकेचे कागद बाजूला सारले आणि सगळ्या स्टाफला बोलावलं. म्हटलं, "या केसमध्ये आपल्याकडून काही चुकलंय का? रागावणार नाही." सगळे एकमेकांकडं बघायला लागले. साहेबांना झालंय काय, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं.  मग रायटरबाई उठल्या. 

"साहेब, चहावाला सांजचं म्हणला होता. मी सकाळचं लिवलं. रात्री घरी गेल्यावर ध्यानात आलं."

"मग सांगितलं का नाही?"

त्यांनी दाराकडं बघितलं.  दारातून कोण ओरडत होतं ते सगळ्या ठाण्याला ठाऊक होतं.

चहावाल्याला परत बोलावलं. तो संध्याकाळ म्हणाला. दोन दिवसांनी प्रशिक्षकही बोलू लागले आणि त्यांनीही रजा संध्याकाळी पाचला नाकारल्याचं सांगितलं. राग आला त्याच्या पाच तास आधीच पाना विमानात होता. मी तसा अहवाल दिला, गुन्हा मागे घेतला, पुढची तपासणी विमान खात्याच्या लोकांनी केली. मेकॅनिक काही महिने घरी बसला, मग परत कामावर घेतला. हाड जुळल्यावर ती मुलगी म्हणाली म्हणे, की माझं विमान यांनीच तपासायचं.

माणूस चुकतो, हे मला पोलीस ट्रेनिंगमध्येही शिकवलं होतं. त्याला चूक सांगता आली पाहिजे, हे मात्र निवृत्तीला चार वर्षं उरली असताना कळलं. त्या बाई सहा वर्षं माझ्या हाताखाली होत्या. आपली चूक सांगायला त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या, ते त्या दिवशी पहिल्यांदा.