गोळीऐवजी मॅडम

संध्याकाळची कामं आटोपली, की रानडे मॅडम दुसऱ्या दिवशी ऑपरेशन असलेल्या पेशंटपाशी स्टूल ओढून बसत. "भूल देणारी मीच. कशाची भीती वाटते, ते सांगा." ठाण्यातल्या त्या लहानशा हॉस्पिटलात मी त्यांच्या हाताखाली नवी भूलतज्ज्ञ होते. मला वाटे, एवढा वेळ कशाला घालवायचा? झोपेची गोळी दिली की भागतं.

पूर्वी त्याही ती गोळी सगळ्यांना देत. पण तिच्यामुळे म्हाताऱ्या माणसांचं ऑपरेशननंतर भान हरपण्याचा धोका वाढतो, असं एकामागून एक अभ्यासांत वाचलं आणि त्यांनी ती बंद केली. सर्जन म्हणाले, "इतकी वर्षं दिलीत, कुणाला काही झालं नाही."

"झालं नाही, की आपण बघितलं नाही? दुसऱ्या दिवशी मी वॉर्डात असायचे कुठे!"

बाळकुमच्या हिराबाई खुब्याचं हाड मोडून आल्या. दुसरीकडे झालेल्या आधीच्या ऑपरेशननंतर त्या कित्येक दिवस मुलांनाच ओळखत नव्हत्या. आता भीतीनं नुसत्या थरथरत होत्या. मुलगा सोमनाथ चिडला. "मॅडम, आय रडते माझी. गोळी द्या ना! तिकडे मागितल्याबरोबर दिलेली."

"तेव्हाचं गोळीमुळेच झालं, असं मी म्हणणार नाही. पण पुन्हा धोका कशाला? मी बसते त्यांच्याजवळ."

आणि खरंच बसल्या. हिराबाई मिठागरातल्या उन्हाबद्दल, गेलेल्या नवऱ्याबद्दल बोलत राहिल्या. बोलता बोलता त्यांचा डोळा लागला, तेव्हाच मॅडम उठल्या.

ऑपरेशन नीट पार पडलं. हिराबाई शुद्धीवर येताच, त्या गोंधळू नयेत म्हणून मॅडमनी त्यांना चष्मा लावला, कानाचं यंत्र बसवलं आणि ऑपरेशननंतर पेशंटला ठेवतात त्या, नातेवाइकांना मनाई असलेल्या खोलीत सोमनाथला बोलावलं. हिराबाई त्याच्याकडे नुसत्या बघत राहिल्या.

"सोम्या, दाढी कर जा. मी काय मेले नाय अजून."

सोमनाथ हसता हसता रडायला लागला. मॅडम माझ्याकडे वळल्या. "एका पेशंटवरून काही सिद्ध होत नाही हं," म्हणाल्या, आणि बाहीनं डोळे टिपले.

गेल्या वर्षी त्या निवृत्त होऊन मुलीकडे राहायला गेल्या. निरोप घेताना मी भारावून म्हणाले, "तुम्ही शिकवलेलं सगळं सांभाळीन."

"सांभाळू नकोस गं. तपासत राहा. चुकीचं निघालं तर टाकून दे."

"तुम्हाला वाईट नाही वाटणार?"

"वाटेल की! पण त्यापायी पेशंटला कशाला त्रास?"